एकदा दाबलं, तीनदा मोजलं

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला (पुढे नुसता ‘पाय’) जोडायची सगळ्यात साधी वस्तू म्हणजे बटण, आणि सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते त्याच्याबद्दलच. माझा आग्रह एकच आहे: आधी जोडणी तपासा, मग प्रोग्राम. जोडणीतला दोष प्रोग्राममध्ये झाकून ठेवला तर तो नेमका कार्यक्रमाच्या दिवशी डोकं वर काढतो.

प्रश्न (शिक्षिका, डिचोली): शाळेतल्या प्रश्नमंजूषेसाठी मुलांनी चार संघांची चार बटणं जोडली. एकदा दाबलं तरी दोन-तीनदा नोंद होते. म्हणून लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात, अर्ध्या सेकंदाचा थांबा घातला, तर आता काही वेळा नोंदच होत नाही.

उत्तर: बटणाच्या आत धातूची पातळ पत्ती असते. ती खालच्या टोकावर आपटते, उसळते, पुन्हा टेकते. हे सगळं काही मिलिसेकंदांत आटोपतं. बोटाला ते कळत नाही, पण पायला तेवढ्या वेळात वेगवेगळे तीन-चार दाब दिसतात. सोडतानाही तसंच होतं. अर्ध्या सेकंदाचा थांबा घातला की प्रोग्राम तेवढा वेळ आंधळा होतो, आणि त्या वेळात मुलानं बटण दाबून सोडलं तर ते हुकतं.

गुण मोजायचं बटण असेल तर पिनची (पायच्या ज्या टोकाला बटण जोडलं त्याची) विजेची पातळी २० ते ५० मिलिसेकंद स्थिर राहिली की मगच दाब धरावा. इतक्या वेगानं कुणी बटण दाबत नाही, त्यामुळे काही हुकत नाही.

प्रश्नमंजूषेचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे पहिला कोण एवढंच हवं. म्हणजे पहिला स्पर्श झाला की तो संघ नोंदवायचा आणि सूत्रसंचालक पुन्हा सुरू करेपर्यंत बाकी सगळं बंद ठेवायचं. मग पत्ती कितीही उसळो, फरक पडत नाही. आणखी एक गोष्ट तपासा, कारण इथे मुलांवर अन्याय होऊ शकतो. लूप चारही बटणं क्रमानं विचारत असेल आणि मध्ये थांबा असेल, तर त्या थांब्यात दोन संघांनी दाबल्यास यादीत आधी असलेला संघ जिंकतो, मग खरा पहिला कुणी का असेना. त्यासाठी पिन पुन्हापुन्हा विचारण्याऐवजी पातळी बदलल्याची सूचना घ्यावी. अशा सूचनेसोबत लिनक्सचा कर्नल (पायवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वेळही नोंदवून देतो आणि एलजीपीआयओ लायब्ररीत ती वेळ मिळते. त्या वेळा ताडूनच निकाल द्या.

प्रश्न (दहावीचा विद्यार्थी, साखळी): बटणाला हात न लावताही दाबल्याचं दिसतं. तारेजवळ बोट नेलं तरी!

उत्तर: तुझी पिन अधांतरी आहे. बटण उघडं असताना तिला ना ३.३ व्होल्ट मिळतात, ना ग्राउंड, मग हवेतला विजेचा गोंगाटच ती वाचते. बटण पिन आणि ग्राउंडच्या मध्ये जोड आणि पुल-अप, म्हणजे पिनला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, चालू कर. जीपीआयओ-झीरो या पायथन लायब्ररीतलं बटण हेच गृहीत धरतं. पायच्या आतला पुल-अप साधारण ५० किलो-ओहमचा असतो. ब्रेडबोर्डवरच्या वीतभर तारेला तो पुरे. चार पायांच्या छोट्या बटणात दोन-दोन पाय आतून आधीच जोडलेले असतात. ते आडवं बसलं तर कायम दाबलेलंच दिसतं, म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय वापर, म्हणजे चूक होणारच नाही.

प्रश्न (बागायतदार, फोंडा): कुळागरातल्या पंपासाठी पाय घरात ठेवला आहे आणि बटण तीसेक मीटरवर पोफळींत. पंप सुरू होताच बटण आपोआप दाबलं जातं.

उत्तर: तीस मीटरची तार म्हणजे चांगला मोठा अँटेनाच. पंपाचा कॉन्टॅक्टर (त्याची वीज चालू-बंद करणारा मोठा स्विच) उघडतो-मिटतो तेव्हा उठणारा विजेचा झटका ती झेलते, आणि ५० किलो-ओहमचा पुल-अप त्याच्यापुढे टिकत नाही. बाहेरून ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर लावून थोडा फरक पडेल, पण मी एवढ्यावर थांबणार नाही.

या कामाला ऑप्टोकपलर लावा, म्हणजे प्रकाशातून संकेत पोचवून दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारा भाग. पीसी ८१७ सहज मिळतो. बटणाच्या बाजूला वेगळा १२ व्होल्टचा ॲडाप्टर, मालिकेत २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर, बटण आणि ऑप्टोकपलरचा आतला एलईडी. दाबलं की जवळपास ५ मिलिॲम्पिअर वाहतात. तारेत शिरलेल्या गोंगाटाला एवढा प्रवाह टिकवून धरणं सहसा जमत नाही. पायच्या बाजूला ऑप्टोकपलरमधल्या ट्रान्झिस्टरचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला आणि पिनपासून ३.३ व्होल्टला १० किलो-ओहम. दोन्ही बाजूंचे ग्राउंड मात्र एकमेकांना जोडू नका. जोडले तर वेगळेपणाच संपला. तार पीळ दिलेली घ्या आणि पंपाच्या २३० व्होल्टच्या केबलसोबत एका पाइपातून नेऊ नका. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (झटका शोषणारा भाग) बसवायचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पंपाला घाई नसते, तेव्हा प्रोग्राममध्येही बटण २०० मिलिसेकंद दाबलेलं राहिलं तरच हुकूम माना.

प्रश्न (वास्को): गच्चीवरचं बटण पावसाळ्यानंतर जोरात दाबल्याशिवाय चालत नाही.

उत्तर: खाऱ्या वाऱ्यानं संपर्कावर पातळ थर धरला आहे. दिव्याच्या स्विचमधला मोठा प्रवाह असा थर जाळून टाकतो. आतल्या पुल-अपमधून मात्र एक दशांश मिलिॲम्पिअरही वाहत नाही, मग थर तसाच राहतो. म्हणून प्रोग्राम बदलून हे सुटणार नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कांचं, आयपी ६७ दर्जाचं (धूळ-पाणी आत न शिरणारं) बंद बटण घ्या. नाहीतर वर फोंड्याला सांगितलेली १२ व्होल्टची जोडणी करा, तिचा प्रवाह अशा संपर्काला जास्त मानवतो.

प्रश्न (म्हापसा): आमच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचे हात आणि डोळे बटणावर हलवायचे आहेत. मोठ्या बटणात १२ व्होल्टचा दिवा आहे. तेच १२ व्होल्ट पिनला दिले तर?

उत्तर: पिन जळेल, कदाचित अख्खा पायही. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टही त्यांना सोसत नाहीत. अशा बटणात बहुधा दिव्याची टोकं वेगळी आणि स्विचची वेगळी असतात. मल्टिमीटरनं ती आधी ओळखा. दिव्याला १२ व्होल्ट द्या; स्विचची दोन टोकं फक्त पिन आणि ग्राउंडला. पिनच्या वाटेत १ किलो-ओहम घाला, म्हणजे चुकून ती पिन आउटपुट झाली तरी बटण दाबल्यावर तिच्यावर भार येणार नाही. मोटारींना वीज वेगळी द्या. आणि भौतिक पिन (बोर्डावरच्या क्रमानं मोजलेल्या) २ व ४ वर ५ व्होल्ट असतात, रात्रीच्या गडबडीत तार तिथे लागू नये म्हणून त्यांच्यावर आधीच टेप लावून ठेवा.

प्रश्न (मडगाव): पाय ४ नीट बंद करायला बटण लावता येईल का?

उत्तर: येईल. कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन हा ओव्हरले (जास्तीची जोडणी सांगणारी ओळ) घाला आणि बटण भौतिक पिन ५ व ६ मध्ये जोडा. पिन ५ म्हणजे प्रोग्रामच्या क्रमांकानं जीपीआयओ ३, तिच्यावर १.८ किलो-ओहमचा पुल-अप बोर्डावरच आहे, आणि बंद झालेला पाय त्याच बटणानं पुन्हा जागाही होतो. पाय ५ घेतला तर त्यावर बटण आधीपासूनच आहे.