गावच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, मग आमदार पॅनेल का उभं करतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, तरी पक्ष त्यात एवढे का उतरतात? आणि ‘साहेबांचं पॅनेल पडलं तर गावाला निधी मिळणार नाही’ असं प्रचारात सांगतात, ते खरं का? मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, तेही कुठल्याच आमदाराच्या पॅनेलमधून नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच अख्खी गावं वाकवली जातात.

गावात पैसा एका वाटेने येत नाही. केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा गावाच्या हक्काचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ मध्ये, महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. कोणत्या गावाला किती हे सूत्राने ठरतं. सरपंच कोणाच्या गटाचा आहे, हे त्या सूत्रात कुठेच येत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी तर गावाचीच.

दुसरी वाट म्हणजे ज्याला सगळे ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात ती. लेखाशीर्ष २५१५, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या खर्चाच्या खात्याचा क्रमांक. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे, असंच त्याचं सरकारी नाव आहे. काँक्रीटचा रस्ता, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीची शेड, ही कामं बहुतेक इथून येतात. आमदारांचा स्थानिक विकास निधी वेगळा. या दोन्हींना आमदाराची शिफारस लागते, त्यामुळे हा पैसा खरोखर अडवता येतो. २०२२ च्या जूनमध्ये राज्यातलं सरकार बदललं आणि आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कितीतरी कामांना स्थगिती मिळाली. लोकांना त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. वर सत्ता कोणाची, यावर खाली रस्ता होणार की नाही हे ठरू शकतं, हे तेव्हा उघड दिसलं.

पण प्रचारात हक्काच्या आणि शिफारशीच्या पैशांची मुद्दाम सरमिसळ केली जाते. पाण्याची पाइपलाइन वित्त आयोगाच्या पैशातून होते आणि लोकांना वाटतं, साहेबांनी आणली. हक्काचे पैसे उपकार म्हणून वाटले जातात आणि मत परतफेड म्हणून मागितलं जातं. माझ्या मते गावच्या राजकारणातली सगळ्यात मोठी फसवणूक ही आहे, मतदानाच्या आदल्या रात्री वाटल्या जाणाऱ्या पाकिटांपेक्षाही मोठी.

आता पक्ष का उतरतात ते. तालुक्याच्या कृषी बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी ४ जण ग्रामपंचायत सदस्य निवडून देतात आणि ११ जण गावोगावच्या सहकारी शेती सोसायट्यांचे संचालक निवडून देतात. म्हणजे गावात निवडून आलेला प्रत्येक सदस्य तालुक्याच्या निवडणुकीतलं एक हुकमी मत असतो. सोसायटीतून पीककर्ज मिळतं, सोसायटीचा प्रतिनिधी जिल्हा बँकेच्या निवडणुकीत मतदान करतो, आणि ऊसपट्ट्यात त्याच गटाकडे कारखाना असतो. ग्रामपंचायतीत विरोधात गेलेल्या माणसाला उसाची तोड वेळेवर मिळेल की नाही याची धास्ती असते. कोणी उघड धमकी देत नाही, द्यावी लागतच नाही.

हे फक्त शेतकऱ्यांपुरतंही नाही. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज ज्या तालुका समितीपुढे जातात, तिचा अशासकीय अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या पसंतीने नेमला जातो. माझ्या वॉर्डातल्या विधवा बाया कागद पूर्ण असूनही विचारायच्या, “ताई, कोणाला भेटू?” अर्ज कायद्याने मंजूर होतो यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो. त्यांचा नाही, ज्यांनी त्यांना तो विचारायला शिकवलं त्यांचा.

चिन्ह नसल्याचा पक्षांना तोटा नाही, उलट फायदाच होतो. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपालिकांना १९८६ चा पक्षांतरविरोधी कायदा लागू आहे. ग्रामपंचायतीत पक्षच नाहीत, तर पक्षांतर कुठलं? म्हणून निकालाच्या दिवशी एकाच सरपंचाला दोन-दोन पक्ष ‘आमचा’ म्हणतात, आणि गुलाल उतरायच्या आत त्याला सत्काराला नेतात. सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, हाही नियम २०१७ मध्ये बदलला, २०२० मध्ये मागे घेतला आणि २०२२ मध्ये पुन्हा आणला. तिन्ही वेळा सत्तेत वेगळी जुळणी होती. गावांना कोणी विचारलं नव्हतं.

‘बिनविरोध करा, निधी देतो’ या घोषणेलाही मी विरोध करते. ऐकायला एकोप्याची भाषा वाटते, पण बिनविरोधाचा निर्णय बहुतेकदा चार-पाच कारभारी बसून घेतात, आणि त्या बैठकीत बाया नसतात, वस्तीवरची माणसं नसतात. त्याचं टोक २०२१ च्या जानेवारीत दिसलं: नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, दोन्हीकडे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या.

तुम्ही स्वतंत्र पॅनेल उभं करताय असं लिहिलंय. जरूर करा. ‘आम्हीही निधी आणू’ असं मात्र म्हणू नका, तो त्यांचा आखाडा आहे. गेल्या पाच वर्षांत गावाला वित्त आयोगाचे किती आले, कशावर खर्च झाले आणि पंचवीस-पंधरामधून कोणती कामं झाली, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहून घरोघरी द्या. पहिल्या रकान्याची बरीच माहिती ई-ग्रामस्वराज पोर्टलवर सापडेल. उरलेली ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आचारसंहिता लागायच्या आधीच अर्ज द्या, कारण नंतर सगळे निवडणुकीच्या कामाचं कारण पुढे करतात. अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्या, आणि अर्जावर एका माणसाचं नाव नको, वेगवेगळ्या भावकीतल्या पाच-सहा जणांनी आपापले अर्ज द्यावेत. एकट्याला घरी येऊन समजावता येतं, सहा घरं फिरायला त्यांना जड जातं.