दहावीच्या वर्गात ७८ मुलं आहेत. गटकार्य घेतलं की बाजार भरतो. सगळ्यांना सहभागी कसं करून घ्यावं?

आधी गटकार्य बंद करा. निदान प्रशिक्षणात ज्याला गटकार्य म्हणतात, ते तरी.

तुम्ही लिहिलंय की तास ३५ मिनिटांचा आहे, बाक जमिनीला ठोकलेले आहेत आणि सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या तज्ज्ञांनी, सहा-सहाचे गट करायला सांगितलंय. हिशेब करून बघा. ७८ मुलांचे १३ गट. प्रत्येक गटाने फक्त दोन मिनिटं सादरीकरण केलं तरी २६ मिनिटं गेली. हजेरीला चार आणि मुलं मागे वळून बसेपर्यंत तीन. उरलेल्या दोन मिनिटांत मुलांनी कृतियुक्त पद्धतीने काय शिकायचं, ते सुलभकांनाच विचारा. हा सल्ला देणाऱ्यांसमोर हॉलमध्ये तीस मोठी माणसं बसलेली असतात, खुर्च्या हलवता येतात आणि मध्ये चहा येतो. म्हणून तो मला सल्ला वाटतच नाही.

बाजार का भरतो याचं कारण साधं आहे. सहा जण दोन बाकांवर बसले की दोन टोकांच्या मुलांत चार-पाच फुटांचं अंतर पडतं. एकमेकांना ऐकू जावं म्हणून ती आवाज चढवतात. शेजारचा गट त्यावर चढवतो, मग तिसरा. मुलं वात्रट नसतात, अंतर जास्त असतं. एका बाकावरच्या दोघा-तिघांत मात्र जेमतेम फूटभर अंतर असतं, तिथे कुजबुज पुरते. तेव्हा मोठ्या वर्गाचं एकक गट नाही, बाक.

आता सगळ्यांच्या सहभागाचं. दहावीचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, त्यातलंच उदाहरण घेतो. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते. फळ्यावर लिहा: चेंडू सरळ वर फेकला. सर्वोच्च बिंदूला त्याचं त्वरण किती? (हवेचा विरोध धरू नका.) अ) शून्य. ब) गुरुत्व त्वरणाइतकं, खालच्या दिशेने. क) तेवढंच, वरच्या दिशेने. ड) किती जोरात फेकला त्यावर अवलंबून.

एक मिनिट पूर्ण शांतता. उत्तराचं अक्षर वहीच्या कोपऱ्यात लिहायला लावा. हे टाळू नका, कारण लिहिलं नाही की मूल शेवटच्या क्षणी शेजाऱ्याचं उत्तर आपलं म्हणून दाखवतं. मग तुमच्या ‘तीन’वर सगळ्यांनी एकदम, छातीशी धरून बोटं दाखवायची. अ ला एक, ब ला दोन, क ला तीन, ड ला मूठ. उघडा पंजा म्हणजे ‘माहीत नाही’. चौथ्या पर्यायाला चार बोटं ठेवू नका, शेवटच्या बाकावरची तीन आणि चार फळ्यापासून सारखीच दिसतात. हात छातीशीच हवा. डोक्यावर नेला की मागची पूर्ण रांग वर्गातल्या हुशार मुलीचा हात बघून आपली बोटं ठरवते. ‘अ कोणाकोणाचं? ब कोणाचं?’ असं एकेक विचारण्यातही तोच घोटाळा आहे: पहिल्या पर्यायाला किती हात आले ते बघून बाकीचे ठरवतात.

७८ हात मोजत बसू नका. तीन रांगा, रांगेत साधारण २६ मुलं. एकच रांग मोजा आणि दर वेळी वेगळी निवडा. आठपेक्षा कमी बरोबर असतील तर चर्चा घ्यायची नाही, कारण चुकीचंच उत्तर बाकाबाकावर पक्कं होतं. सरळ पुन्हा शिकवा. अठराच्या वर असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे चला. मधल्या आकड्याला मात्र म्हणा, ‘शेजाऱ्याला पटवा, दोन मिनिटं.’ आणि मग पुन्हा बोटं. तीस ते सत्तर टक्क्यांचा हा नियम माझा नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१पासून आपल्या भरगच्च वर्गांत ही पद्धत चालवली. त्यांच्याकडे पुढे उत्तरं नोंदवणारी यंत्रं आली. आपल्याकडे बोटं आहेत, ती पुरतात.

दोन फेऱ्यांच्या मध्ये बरोबर उत्तर सांगायचं नाही, आणि ‘बहुतेकांचं अ आलंय’ हेही सांगायचं नाही. तेवढं बोललात की चर्चा संपली. मुलं बहुमताकडे सरकतात. चेहराही कोरा ठेवायला शिका, तो आवाजापेक्षा लवकर फितूर होतो.

या प्रश्नावर पहिल्या फेरीत ‘शून्य’ला भरपूर बोटं येतील असं धरून चाला. वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य, अशी गाठ मुलांच्या मनात बसलेली असते. ती तुमच्या व्याख्येने सुटत नाही. शेजारी जेव्हा विचारतो, ‘त्वरण शून्य असेल तर चेंडू खाली का येईल? तिथेच लटकून राहील ना?’ तेव्हा सुटते. चर्चेनंतर फळ्यावर आकडे मांडा. सेकंदाला १९.६ मीटर वेगाने फेकला. एका सेकंदानंतर वेग ९.८, दोन सेकंदांनी शून्य, तिसऱ्या सेकंदाअखेर पुन्हा ९.८ पण खाली. दर सेकंदाला वेगातला बदल ९.८चाच आहे, वरच्या टोकाला त्याने सुट्टी घेतलेली नाही. चुकीचे पर्याय मनाने रचू नका. मागच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका उघडा. मुलांनी जे चुकीचं लिहिलंय तेच पर्याय म्हणून द्या. आणि ‘गुरुत्व त्वरणाचं मूल्य किती’ असला पाठांतराचा प्रश्न इथे वाया जातो, त्यात शेजाऱ्याला पटवण्यासारखं काही नसतं.

असे प्रश्न तासाला दोन, फार तर. एकाला सहा-सात मिनिटं लागतात.

तोंडी प्रश्न विचारताना आधी प्रश्न, मग थांबा, मग नाव. नाव आधी घेतलंत की उरलेली ७७ मुलं सुटली. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मनात पाचपर्यंत मोजा. नाव हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्यांमधून काढा आणि चिठ्ठी परत डब्यात टाका. बाहेर ठेवली तर ज्याचा नंबर येऊन गेला तो आठवडाभर निर्धास्त. ‘समजलं का?’ हा प्रश्न तर कायमचा सोडा. त्याला ७८ तोंडांतून ‘हो सर’ येतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

चर्चा थांबवायला ओरडू नका. हात वर करून, पहिल्या बाकाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात पाचपासून उलटं मोजा आणि पूर्ण शांतता झाल्याशिवाय पुढचं वाक्य उच्चारू नका. गोंगाटावर एकदा जरी बोललात, तरी पुढच्या वेळी तो थांबत नाही.

वह्या. एका वहीला दोन मिनिटं धरली तर ७८ वह्यांना अडीच तासांवर वेळ जातो, म्हणजे त्या तपासल्या जात नाहीत, फक्त सह्या होतात. रोज १३ घ्या, सहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. रोजचा अंदाज हवा असेल तर शेवटच्या तीन मिनिटांत पाव कागदावर एका प्रश्नाचं उत्तर मागा. गुण द्यायचे नाहीत. बरोबर, अर्धवट, चूक असे तीन गठ्ठे करा, एका कागदाला पाच सेकंद, सात मिनिटांत काम होतं. दुसऱ्या दिवशीचा तास चुकीच्या गठ्ठ्यातल्या सर्वांत जास्त वेळा आलेल्या चुकीपासून सुरू करा.

फळ्यावर अक्षर दोन इंचांचं हवं. खालचा फूटभर भाग मोकळा सोडा, पुढच्या डोक्यांमुळे तो मागे दिसतच नाही.

‘हुशार मुलांना गटप्रमुख करा’ या सल्ल्याची मला चीड आहे. हा काही नवा विचार नाही. अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने १७९०च्या दशकात मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं आणि पुढे जोसेफ लँकेस्टर या शिक्षकाने लंडनमध्ये असंच काही चालवलं. अक्षरं गिरवायला आणि पाढे घोकायला ते ठीक होतं. पण त्वरण समजावून देणं म्हणजे पाढे म्हणून घेणं नव्हे. गटप्रमुखाचा तास जातो, गटाला उत्तर मिळतं, समज मिळत नाही. बाकावरच्या दोघांत प्रमुख कोणीच नसतो, हाच तिथला फायदा.

आता थोडं मागे घेतो. प्रयोगशाळेत गट लागतोच. तिथे चौघांचा करा आणि साहित्य, मोजमाप, नोंद, वेळ अशी कामं वाटून द्या. एका सुरात म्हणणंही अगदी टाकाऊ नाही. सूत्रं आणि एककं तशीच तोंडात बसतात. बोटांची पद्धत पहिले दोन आठवडे फसेल, मुलांना तो खेळ वाटेल आणि अभ्यासक्रम दोन-तीन तासांनी मागे पडेल. कवितेच्या तासाला ती लावू नका.

आणि ७८ हा आकडा मुळात चूकच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक धरतो, सहावी ते आठवीला ३५. त्याची हद्द आठवीला संपते, मुलं मात्र नववीत गेल्यावर आकसत नाहीत. ७८ मुलांना शिकवून दाखवलंत की रिकामी जागा भरायची घाई कोणालाच राहत नाही, तेव्हा तुकडी फोडण्याचा अर्ज दर वर्षी लेखी देत राहा.

पर्यवेक्षक ‘आवाज कसला’ म्हणून दारात आले, तर चर्चेची दोन मिनिटं मोडू नका. फळ्यावरचा प्रश्न दाखवा आणि त्यांनाही बोटं छातीशी धरायला सांगा.