इंजिनरूमची वाट

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे. बारावी विज्ञानला असलेल्या माझ्या मुलीला मरीन इंजिनीअर व्हायचे आहे. काही लाख रुपये दिल्यास ‘थेट जहाजावर’ नोकरी लावतो, असे एक एजंट म्हणतो. हे क्षेत्र सुरक्षित आहे का, आणि आम्ही कोणती वाट धरावी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : एजंटाला एक रुपयाही देऊ नका. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरी मिळवून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेण्यास तिला मनाई आहे. त्यामुळे पैशाची मागणी झाली की तेथेच बोलणे थांबवावे. सरळ वाट अशी, की बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित मिळून किमान ६० टक्के गुण मिळवावेत, भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी आणि महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच चार वर्षांची पदवी घ्यावी. मुलीला इतक्यात दूर पाठवायचे नसेल, तर सोलापुरातच मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून नंतर पदवीधरांसाठीचा मरीन इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम करता येतो, आणि तुमच्या जागी मी असतो तर या पर्यायाचा विचार नक्की केला असता.

आता सुरक्षिततेविषयी. घरच्यांना वादळाची भीती वाटते. इंजिनीअरला भीती असते ती गळक्या तेलाची. इंधनाच्या नळीला बारीक चीर जाते, तेलाचा फवारा इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीवर (एक्झॉस्टवर) उडतो आणि आग लागते. इंजिनरूममधील आगींचे हे नेहमीचे कारण आहे. म्हणूनच ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार २२० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापू शकणारे आणि गळक्या तेलाच्या माऱ्यात येऊ शकणारे पृष्ठभाग उष्णतारोधक आवरणाने झाकावे लागतात आणि उच्च दाबाच्या इंधननळीवर दुसरी नळी चढवावी लागते. हे आवरण दुरुस्तीसाठी काढल्यावर पुन्हा नीट बसवले की नाही, हे पाहणे कनिष्ठ इंजिनीअरचेच काम असते. मागाखाली साचलेला सुताचा कचरा आणि तापलेली मोटर यांचे नाते तुम्हांला मी सांगायला नको.

दुसरा धोका बंद टाकीचा. लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्यामुळे रिकामी, स्वच्छ दिसणारी टाकीही जीवघेणी ठरते. आत कोसळलेल्या सोबत्याला काढायला धावलेला माणूसही तेथेच पडतो, ही या व्यवसायातील सर्वांत जुनी आणि आजही घडणारी दुर्घटना आहे. हवा मोजल्याशिवाय आणि लेखी परवान्याशिवाय टाकीत उतरायचे नाही, मग वर उभा असलेला वरिष्ठ कितीही घाई करो. असा नकार देण्याचे धैर्य मुलीत असेल, तर ती या कामाला योग्य आहे.

समुद्र लांब असल्याचा संकोच मात्र नको. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी वालचंद हिराचंद हे सोलापूरचेच; त्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि तोच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

फी भरण्याआधी मुलीची रंगदृष्टी तेवढी तपासून घ्या. रंगांधळेपणा आढळल्यास प्रवेश मिळत नाही, आणि अनेकांना तो असल्याचे तोपर्यंत ठाऊकच नसते.