विमानातलं सॉफ्टवेअर इतकं भरवशाचं, मग ऑफिसातला संगणकच का दगा देतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेत लहान मशीन शॉप आहे, कामासाठी तिथल्या सांबऱ्याच्या विमानतळावरून ये-जा होते, पंख्याच्या छोट्या विमानात बसताना पोटात गोळा येतो. त्याच वेळी ऑफिसातली एक्सेल फाईल आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा महिन्या-दोन महिन्यांनी गोंधळ घालतो. विमानातलं काही शिकून इथे लावता येईल का?

येईल. पण आधी एक गैरसमज. विमानातलं सॉफ्टवेअर बिनचूक नसतं. बोईंग ७८७ च्या जनरेटर नियंत्रकात एक काउंटर होता, सेकंदाच्या शंभराव्या भागात वेळ मोजणारा. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली की तो भरून वाहायचा आणि जनरेटर बंद पडू शकायचे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने काढलेला तातडीचा उपाय काय, तर ठरावीक मुदतीत विमानाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आपला संगणकवाला फोनवर सांगतो तेच!

फरक आहे तो गृहीतकात. प्रत्येक भाग कधीतरी बिघडणार आणि माणूस कधीतरी चुकणार, असं धरूनच विमान बांधतात. एअरबस ए-३२० मध्ये पंख आणि शेपटीचे पृष्ठभाग हलवायला दोन जातींचे संगणक आहेत, एका जातीचे दोन आणि दुसऱ्या जातीचे तीन. त्यांचे प्रोसेसर वेगळे, सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे. हेतू हा की एकाच्या डोक्यातली चूक दुसऱ्याच्या डोक्यात नसावी. हा नियम मोडला की काय होतं ते ७३७ मॅक्सने दाखवलं. समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारे सेन्सर दोन होते, पण नाक आपोआप खाली दाबणारी प्रणाली एका वेळी एकाचंच ऐकत होती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली.

आता तुमच्या टेबलाकडे बघा. टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर, बॅकअप त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर. हे दोन सेन्सर नव्हेत, एकच सेन्सर दोन नावांनी. डिस्क गेली की दोन्ही गेलं. कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्हही तसाच, कारण खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेलं सगळं एका फटक्यात कुलूपबंद करतो. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक हासुद्धा बॅकअप नव्हे. इथे फाईल बिघडली की तिथेही बिघडते. कचरापेटीत आणि जुन्या आवृत्त्यांत ती काही दिवस मिळते, गूगलच्या कचरापेटीत ३० दिवस, पण तीन महिन्यांनी चूक लक्षात आली तर हात चोळत बसायचं.

लहान शॉपला पुरेल अशी व्यवस्था: बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घ्या, त्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ असं मार्करने लिहा. शनिवारी काम संपल्यावर टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप, तो एका आठवड्याला ‘अ’ वर, पुढच्या आठवड्याला ‘ब’ वर. फोल्डरच्या नावात तारीख घाला, जुन्यावर नवं लिहू नका. कॉपी झाली की डिस्क काढायची, आणि एक डिस्क नेहमी घरी. रोजचा बॅकअप क्लाउडवर जाऊ दे, तो तिसरा पाय.

आणि महिन्यातून एकदा बॅकअप उघडून बघा. हे जवळजवळ कुणीच करत नाही, आणि माझ्या मते न तपासलेला बॅकअप हा मुळात नाहीच असं धरावं. फक्त टॅलीत रिस्टोअर करताना चालू डेटाचा फोल्डर निवडू नका, जुना डेटा ताज्यावर बसेल. वेगळा रिकामा फोल्डर करून तिथे उतरवा, ट्रायल बॅलन्स आणि शेवटचा व्हाउचर नंबर जुळतो का पाहा. दहा मिनिटांचं काम.

डेटा बिघडण्याचं दुसरं कारण आपल्याकडे ठरलेलं: करंट जातो. टॅली फाईल लिहीत असताना मध्येच वीज गेली की ती फाईल अर्धवट राहते. त्याला हेस्कॉम या वीज कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही, यूपीएसकडे बघा. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. संगणक आणि मॉनिटर मिळून १२० ते १५० वॅट घेत असतील तर हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, तीही बॅटरी नवी असताना. दोन-तीन वर्षांत ती गळते, आणि ते कळतं नेमकं वीज गेल्यावर. म्हणून तीन महिन्यांतून एकदा सगळ्या फाईली बंद करून भिंतीवरचं बटण मुद्दाम बंद करा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत मान टाकली तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका. त्याचा रोलर तापताना इतके वॅट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

एक्सेलकडे येऊ, कारण इथली चूक आवाज करत नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या ७६७ विमानात इंधन भरताना टाकीत ७,६८२ लिटर शिल्लक होतं. त्याचे किलो काढायला १.७७ ने गुणलं. हा आकडा लिटरला पौंडांचा होता, किलोचा हवा होता सुमारे ०.८. हवं होतं २२,३०० किलो, हिशेबाने भरलं ४,९१६ लिटर, प्रत्यक्षात भरायला हवं होतं सुमारे २०,००० लिटर. ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडू लागली. विमान तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे ६९ जण वाचले. आकडेमोड दोनदा तपासली गेली होती. एकक कुणी तपासलं नाही.

मशीन शॉपमध्ये इंच-मिलिमीटर, नग-किलो हा घोळ रोजचा. म्हणून एकक कॉलमच्या शीर्षकात लिहा, ‘वजन (किलो)’ असं. सेलमध्ये ‘१२ किलो’ टाइप केलंत तर एक्सेल त्याला शब्द समजतो आणि बेरजेत धरत नाही, तक्रारही करत नाही. ड्रॉइंग नंबर ‘३-१२’ टाकला की त्याची तारीख होते. मध्ये इंग्रजी ई अक्षर असलेला ‘१ई५’ सारखा पार्ट नंबर एक लाख बनतो. शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाचा शून्य गळतो, आणि पंधराहून जास्त आकडे असतील तर सोळाव्यापासून पुढचे सगळे शून्य होतात. एकदा झालं की मूळ आकडा परत मिळत नाही, नंतर फॉरमॅट बदलूनही नाही. टाइप करण्याआधीच तो कॉलम ‘टेक्स्ट’ करा. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. तुमच्याकडे अजून तशा फाईली असतील तर नव्या प्रकारात सेव्ह करून टाका.

आपल्या भागाची आणखी एक पीडा म्हणजे फॉन्ट. मराठी पत्र श्रीलिपीत, कन्नड अर्ज नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये. दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. त्या फाईलमध्ये खरं तर मराठी किंवा कन्नड अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मुखवटे असतात. त्यामुळे शोधताही येत नाही. नवं काम युनिकोडमध्येच करा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड जोडले की विंडोज आणि स्पेस दाबून बदलता येतात. दोन्हींचा इनस्क्रिप्ट आराखडा (कळांची मांडणी) एकच, म्हणजे ‘क’ जिथे तिथेच ‘ಕ’.

चेकलिस्टचा जन्म १९३५ चा. बोईंगचं नवं बॉम्बर चाचणीत कोसळलं, कारण जमिनीवर शेपूट घट्ट धरणारं कुलूप काढायचं राहिलं. वैमानिक कच्चे नव्हते, विमानात लक्षात ठेवण्यासारखं फार झालं होतं. मग यादी आली. ती सगळं शिकवायला नसते, विसरलं तर महागात पडेल तेवढंच तिच्यात असतं. हत्तरगीच्या, विमानाचे भाग बनवणाऱ्या एरोस्पेस सेझमध्ये काम केलेला कुणी ओळखीचा असेल तर विचारा, पहिल्या नगाची तपासणी कागदावर सही झाल्याशिवाय पुढचा नग लागत नाही.

तुमच्या बिलिंगची यादी सहा ओळींची पुरे. गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे कोणते? माल कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावला जातोय आणि महाराष्ट्राचा २७ असेल तर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर. इथल्या इथे, कर्नाटकाचा २९ असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वाटा. (सीमेवर हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण कोल्हापूर आपल्याला परराज्य वाटतच नाही.) मग एचएसएन (मालाचा कोड), एकक, रक्कम ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिल, गाडी नंबर, आणि पीओ (गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरचा) नंबर. एकाने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून उत्तर द्यायचं. एकट्याने मनात वाचली की आठवड्यात तिचा मंत्र होतो, डोळे फिरतात पण दिसत नाही. आणि पोराने स्वतःहून चूक सांगितली तर त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढची चूक तुम्हाला गिऱ्हाइकाकडून कळेल.

अपडेटचं: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधल्या एका सदोष फाईलने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. त्यावरून ‘अपडेट नकोच’ असा अर्थ काढू नका. एका संगणकावर आधी, बाकीच्यांवर आठवड्याने, आणि जीएसटी रिटर्नच्या दिवशी कुठेच नाही. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नियमित आधार नाही, तो बदलाच.

राहिली भीती. एटीआरचा, म्हणजे तुमच्या त्या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचा, पंखा फिरवणारं इंजिन टर्बाइनच असतं, आणि उड्डाणात एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान चढत राहील या अटीवरच त्याला परवाना मिळतो. सांबऱ्याची २,३०० मीटरची धावपट्टी त्याला भरपूर आहे. मला विमानाच्या आकारापेक्षा उतरण्याची घाई जास्त धोक्याची वाटते. मंगळूरला २०१० मध्ये विमान ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट ओलांडून टेकलं. सहवैमानिक पुन्हा वर जाऊ म्हणत होता. १५८ जण गेले. तेव्हा जुलैच्या पावसात तुमचं विमान सांबऱ्यावर टेकता टेकता पुन्हा वर गेलं, किंवा गोव्याला वळलं, तर वैमानिकाने आपलं काम नीट केलं असं समजा.

पॉवर बँक मात्र तपासा. चेक-इन बॅगेत नाहीच, हातातल्या बॅगेत. एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागा: २०,००० ची झाली ७४ वॅट-अवर, मर्यादा १००. ३०,००० वाली १११ होते, तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. छापील आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. फुगलेली असेल तर विमानात नको, आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्येही नको.