नावे ‘गुप्त’ की ‘गोपनीय’?

इंदूरच्या रामबागेतल्या एका विद्यार्थी-साहाय्य संस्थेच्या सचिव ताईंचा प्रश्न आहे. वार्षिक अहवालाच्या मसुद्यात त्यांनी ‘मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे गुप्त ठेवली आहेत’ असं लिहिलं. त्यावर सर्वसाधारण सभेत एक ज्येष्ठ सभासद कडाडले, “लोकांच्या पैशात गुप्त कसलं आलंय?” मग ‘गोपनीय’ लिहावं का? आणि ‘पारदर्शिता’ बरोबर की ‘पारदर्शकता’?

दुसरा प्रश्न आधी उरकतो. मराठीत विशेषण ‘पारदर्शक’ रुळलंय, म्हणून ‘पारदर्शकता’. ‘पारदर्शिता’ व्याकरणाने चूक नाही, पण आपल्याकडे ती हिंदीतून येते. मला विचाराल तर दोन्हींपेक्षा ‘चोख हिशेब’ बरा. पारदर्शकतेची दोन पानं आणि जमाखर्च शेवटी मुंगीएवढ्या टाइपात, असे अहवाल पुष्कळ पाहिलेत.

आता ‘गुप्त’. आजोबा चिडले ते शब्दापुरतं रास्तच. मूळ धातू ‘गुप्’, म्हणजे राखणं. ‘गुप्त’ नुसती अवस्था सांगतो: झाकलेलं आहे. कोणी झाकलं, कोणापासून, याचा पत्ता नाही. ‘गोपनीय’मधला ‘-नीय’ मात्र वंदनीय, पूजनीयमधलाच, म्हणजे राखण्याजोगं. राखायचं म्हटलं की राखणारा आला, आणि राखणाऱ्याला ते ठाऊक असावंच लागतं. तेव्हा नावं गोपनीय आहेत याचा अर्थ ती फाइलला आहेत, निवड समितीने अर्ज तपासलेत आणि लेखापरीक्षकाने मागितले की कागद समोर येतात. फक्त गावभर होत नाहीत.

‘गुप्तदान’ घ्या. बोलताना आपण फलकावर नाव नको म्हणणाऱ्या दात्यालाही गुप्तदाता म्हणतो. आयकर खात्याचा हिशेब वेगळा आहे. 2006च्या वित्त कायद्याने आणलेल्या तरतुदीत, ज्याचं नाव-पत्ता खुद्द संस्थेच्याच दप्तरी नाही ते दान निनावी. ठरावीक मर्यादेपलीकडे त्यावर 30 टक्के कर. निव्वळ धार्मिक न्यासांना त्यातून सूट आहे, तुमच्यासारख्या शैक्षणिक संस्थेला नाही. म्हणून पावतीवर पूर्ण नाव आणि अहवालात ‘एक हितचिंतक’ असं असेल, तर ते दान गोपनीय. पेटीत पडलेलं, ते खरं गुप्त.

‘खासगी’ मात्र टाळा, इंदुरात तर जरूर टाळा. होळकरांच्या राज्यात खासगी म्हणजे राणीकडची स्वतंत्र मिळकत. तिच्यातल्या देवळांची, घाटांची व्यवस्था पाहायला 1962 साली न्यास झाला, नावातच ‘खासगी’. आणि जुलै 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्याला 1951चा मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम लागू होतो. नावात खासगी, कायद्यात सार्वजनिक! संस्थेचा कारभार कधी खासगी नसतो. खासगी असते ती मुलाच्या घरची परिस्थिती.

तुमच्या मसुद्यात आणखी एक शब्द खटकला: ‘सर्व व्यवहारांचा खुलासा केला आहे.’ मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, बहुधा कोणीतरी मागितलेलं. वरिष्ठ खुलासा मागवतात, आपण तो देतो. पण तुमचे निम्मे सभासद सकाळी हिंदी पेपर वाचतात, आणि तिथे ‘बड़ा खुलासा’ म्हणजे भांडाफोड. एकाला वाटेल संस्था कसली तरी सफाई देतेय, दुसऱ्याला वाटेल काहीतरी बाहेर आलं. ‘तपशील सोबत जोडला आहे’ लिहा, प्रश्न मिटला.

वाक्य असं करता येईल: ‘मदतीची एकूण रक्कम, निवडीचे निकष आणि निवड समितीची नावे पुढे दिली आहेत. विद्यार्थ्यांची नावे गोपनीय आहेत. ती निवड समिती व लेखापरीक्षक यांनाच पाहता येतात.’ आजोबांना हवं ते सगळं पहिल्या वाक्यात आलं. अध्यक्षांच्या भाच्याला मदत मिळाली असती, तर त्याबद्दलही निकषांवर आणि समितीच्या नावांवर बोट ठेवून विचारता आलं असतं.

तेवढा पान नऊवरचा परिच्छेद काढा. ‘लोकमान्य नगरातली, वडील नसलेली, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी’ असं लिहिल्यावर अख्ख्या लोकमान्य नगराला मुलगी कोण ते कळतं.