वाचकांचे प्रश्न : आजीचा चेहरा मेणासारखा का दिसतो?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो आणि शेती सांभाळून दीड वर्षापासून टॅबलेटवर चित्रे काढतो. ८० वर्षांच्या माझ्या आजीचे, हुबेहूब फोटोसारखे वाटावे असे चित्र मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून तीन महिने खपून केले. लांबून ते बरे वाटते, परंतु जवळून पाहिले की चेहरा मेणाचा केल्यासारखा दिसतो. तालुक्याला छापून आणले तर सावलीचा सगळा भाग काळाठिक्कर आला. त्यात घरचे काका म्हणतात की हा फोटोच आहे, वरून ॲप फिरवले आहे. माझे नेमके कोठे चुकते?

उत्तर : आपण चित्रासोबत मूळ फोटोही पाठवला हे बरे केले, कारण अर्धी चूक चित्रातली नसून फोटोतली आहे. त्या फोटोत आजींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून निघालेल्या सुरकुत्या गालावर येताच एकाएकी नाहीशा होतात. ८० वर्षांच्या, जन्मभर उन्हात कापूस वेचलेल्या चेहऱ्यावर असे होत नसते. मोबाइलच्या कॅमेऱ्यानेच त्या परस्पर पुसून टाकल्या आहेत. आपण तीन महिने जे इमानदारीने उतरवले, ते यंत्राने गुळगुळीत केलेले कातडे आहे. दुसरे असे की फोटो हातभर अंतरावरून घेतलेला दिसतो. दीड फुटावरून पाहताना नाकापेक्षा कान सुमारे सव्वापट दूर पडतो, म्हणून नाक मोठे आणि कान लहान येतात. तोच फोटो सहा फुटांवरून, झूम करून घेतला तर हा फरक जेमतेम सात टक्क्यांवर येतो. तेव्हा चेहरा सुंदर करणारी सोय बंद करून, सकाळच्या वेळी, आजींना ओसरीच्या कडेला उजेड एका बाजूने येईल असे बसवून नवा फोटो घ्यावा. जमल्यास त्याच वेळी अर्धा तास समोर बसून नुसत्या पेन्सिलीने त्यांना कागदावर उतरवावे. सावलीत बसलेल्या चेहऱ्यातले जे बारीक रंग डोळ्यांना दिसतात, त्यांतले पुष्कळसे फोटोत काळ्यात बुडून जातात.

आता मेणाविषयी. मावळतीच्या उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचे कान लालभडक दिसतात, हे आपण शेतातून परतताना कितीदा तरी पाहिले असेल. उजेड कातडीवर आपटून नुसता परत फिरत नाही. तो थोडा आत शिरतो, रक्तातून विखुरतो आणि तांबूस होऊन बाहेर येतो. मेणातही उजेड असाच आत शिरतो, परंतु मेणाच्या आत सगळीकडे एकच पदार्थ असतो आणि कातडीखाली कोठे हाड, कोठे चरबी, कोठे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यामुळे जिथे हाड वरच लागते ते कपाळ पिवळसर दिसते, नाकाचा शेंडा, गाल आणि कान तांबूस दिसतात, आणि डोळ्यांखालच्या पातळ कातडीत जांभळट तपकिरी झाक येते. आपण संपूर्ण चेहऱ्याला एकच गव्हाळ रंग घेतला, उजेडात त्यात पांढरा मिसळला आणि सावलीत काळा. मेण तिथे तयार झाले. सावलीसाठी काळ्याऐवजी गडद तांबूस तपकिरी रंग घ्यावा, आणि उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात लालीचा अंश किंचित वाढवावा. हनुवटीखाली तर सारवलेल्या अंगणावरून उसळलेला उबदार उजेड पडलेला असतो आणि हिरव्या लुगड्याच्या पदराची झाक जबड्याच्या कडेला लागलेली असते. आपल्या चित्रात नेमके तिथेच सर्वांत काळे आहे.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे आजींच्या कपाळावरचे गोंदण. आपण ते अगदी शेवटी, सगळ्यांत वरच्या लेअरवर (म्हणजे ॲपमधल्या एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी वरच्या थरावर), स्वच्छ हिरव्या रंगाने आणि टोकदार ब्रशने काढले आहे. म्हणून ते टिकलीसारखे वर चिकटवलेले दिसते. गोंदण कातडीवर नसते, कातडीच्या आत असते. गोंदताना काजळी वापरली असली तरी वरच्या कातडीतून पाहताना ती हिरवट निळी भासते, आणि वर्षानुवर्षांत तिच्या कडा फुटून पसरतात. तेव्हा आधी कपाळाचा मूळ रंग भरावा, त्यावर वेगळ्या लेअरवर काळपट निळसर रंगाने जरा फुटक्या कडांचे गोंदण काढावे, त्याच्यावर आणखी एक लेअर घेऊन कपाळाच्याच रंगाचा अगदी पातळ, २० ते ३० टक्के दाट असा हात फिरवावा, आणि कपाळाची चमक व सुरकुत्या त्याच्याही वर घ्याव्यात. सुरकुती गोंदणाला आडवी जाते तिथे गोंदणाची रेघही किंचित तुटलेली दिसली पाहिजे. हे एवढे साधले तर अवघ्या चेहऱ्याचा ढंग पालटेल असे मला वाटते, कारण टॅबलेटवरच्या लेअरचा याहून नेमका उपयोग मला तरी दुसरा सुचत नाही.

स्मजचे, म्हणजे रंग बोटाने पुसल्यासारखा पसरवणारे, साधन काही आठवडे पूर्ण बंद ठेवावे. आपण त्याने सगळ्या कडा सारख्याच पुसल्या आहेत आणि मग पापण्या व भुवया सगळ्या सारख्याच टोकदार काढल्या आहेत. प्रत्यक्षात उजेडाकडच्या गालाची कड मागच्या भिंतीत जवळजवळ विरघळते, तर नाकपुडीखालची सावली चाकूने कापल्यासारखी असते. कमी दाट असा ब्रश एकावर एक फिरवून छटा जुळवाव्यात. कातडीची रंध्रे सर्वांत शेवटी घ्यावीत, आणि तीही प्रामुख्याने उजेड वळून सावलीत जातो तिथेच, कारण तिरप्या उजेडातच खडबडीतपणा नजरेत भरतो. मधूनमधून चित्र लहान करून, रंग काढून, नुसत्या करड्या छटांत पाहावे. एवढ्याशा आकारातही आजी ओळखू येत नसतील तर रंध्रे कितीही काढली तरी त्या येणार नाहीत.

काकांचे म्हणणे मनावर घेऊ नये. काइल लॅम्बर्ट या इंग्लंडच्या चित्रकाराने २०१३ साली अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांचे चित्र आयपॅडवर प्रोक्रिएट या ॲपमध्ये केवळ बोटाने काढले. २०० हून अधिक तास आणि सुमारे २,८५,००० फटकारे लागल्याचे त्यांनी सांगितले, तरीही अनेकांनी हाच संशय घेतला होता. प्रोक्रिएट प्रत्येक फटकाऱ्याची नोंद ठेवून नंतर चित्रफीत करून दाखवते. अशी नोंद आपल्या ॲपमध्ये असेल तर ती सुरू ठेवावी आणि काकांना एकदा चहासोबत दाखवावी. फोटोवरून चित्र करणे ही काही टॅबलेटने आणलेली पळवाटही नव्हे. अमेरिकेतील चक क्लोज यांनी १९६७-६८ मध्ये स्वतःच्या फोटोवर चौकोन पाडून सुमारे नऊ फूट उंचीचे चित्र केले, आणि आपल्याकडे भिंती रंगवणारे पेंटरही चौकोन पाडूनच चित्र मोठे करत आले आहेत. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे, तो म्हणजे फोटोवर बोट ठेवून तयार रंग उचलण्याला. त्याने चित्र लवकर होते, परंतु हनुवटीखालचा रंग काळा नसून तांबूस आहे हे डोळ्यांना कधी कळत नाही. डोळ्यांना रंग न कळणे, हेच आपल्या चित्राचे दुखणे मला दिसते.

छपाईचे गणित सोपे आहे. पडदा लाल, हिरव्या व निळ्या उजेडाने रंग दाखवतो, तर छापखाना चार शाया कागदावर चढवतो. पडद्यावर दिसणाऱ्या गडद छटांतले बारीक फरक शाईत एक होऊन जातात. शिवाय आपण रात्री, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून काम करता असे लिहिले आहे, त्यामुळे चित्र मुळातच अंधारे झाले आहे. मी स्वतः एकदा अशाच घाईने मोठे चित्र फ्लेक्सवर छापून घेतले आणि पैसे देऊन ते गुंडाळूनच घरी आणले. आधी चेहऱ्याच्या अर्ध्या भागाचा पोस्टकार्डाएवढा नमुना, सावली तीन वेगवेगळ्या प्रमाणांत उजळ करून, फोटोच्या बिनचमकीच्या कागदावर छापून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात पाहून मगच मोठे चित्र छापायला द्यावे. ए-४ आकारासाठी कॅनव्हास २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा हवा. एवढ्या कॅनव्हासचा एक लेअर सुमारे ३५ एमबी जागा घेतो, तेव्हा जुन्या टॅबलेटवर लेअर जपून वापरावेत.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. सातवीतील एका मुलाचा हात चांगला आहे. त्याचे वडील त्याला टॅबलेट घेऊन देण्याचे म्हणत आहेत. रबरी टोकाची स्वस्त पेन चालेल का?

उत्तर : त्या पेनने रेघ उमटते, परंतु हाताचा दाब कळत नाही, हलका आणि जड हात पडद्याला सारखाच. दाब ओळखणारी पेन ज्या टॅबलेटला चालते तोच घ्यावा. ॲपवर मात्र खर्च करू नये, कारण क्रिटा हे अँड्रॉइड टॅबलेटवरही फुकट मिळते. पण बाई, वडिलांना एक पीक थांबायला सांगता आले तर सांगा. तोवर मुलाने एलिमेंटरीच्या परीक्षेचे वस्तुचित्र पेन्सिलीने पक्के करावे, आणि पहिल्या दिवशी खिडकीशी ठेवलेला पितळेचा तांब्या काढावा.