लीग खेळून आलेला मुलगा घरात गप्प आहे

कबड्डी किंवा क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचे आईवडील समुपदेशनाला येतात तेव्हा त्यांना त्या खेळातली वाट निदान ढोबळ तरी माहीत असते. बास्केटबॉलची गोष्ट वेगळी. कोकणात तर ‘ह्यात पैसे मिळतात का, नोकरी लागते का, किती वर्षं खेळतात’ इथूनच सुरुवात होते. चिपळूण भागातल्या एका कुटुंबाची ही हकिगत त्याच प्रश्नांची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा एकोणीस वर्षांचा, एस.वाय.बी.कॉम.ला. उंची सहा फूट दोन इंच. वडील एसटीत वाहक, आई घरी आगळ आणि लोणची करून विकते. एका लीगमधल्या संघाने मुलाला एका हंगामासाठी करारावर घेतलं. गावात सत्कार झाला, मुंबईच्या काकांनी बूट घेऊन दिले. हंगाम संपला तसा तो परत आला आणि मैदानावर जायचाच थांबला. रात्री दोनपर्यंत मोबाईल, सकाळी अकराला उठणं. वडिलांनी पोलीस भरतीचा अर्ज आणून टेबलावर ठेवला. मुलाने तो भरला नाही आणि परतही केला नाही.

“विचारलं की ‘काही नाही गं आई’ एवढंच. ह्याचे बाबा म्हणतात, झाली हौस,” आई म्हणाली.

अशा वेळी करिअरचं बोलणं दुसऱ्या क्रमांकावर ठेवावं लागतं. आधी झोप, भूक, मित्रांशी बोलणं आणि जगण्यात रस उरलाय का, हे विचारायचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ ह्या सगळ्यात घसरण असेल किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं. टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ह्या मुलाची झोप उलटीपालटी झाली होती, भूक ठीक होती, मित्र टिकून होते. दुखणं एका ठिकाणी अडकलं होतं. तो म्हणाला, “गावात सगळ्यांना वाटतं मी खेळलो. मी बसलो होतो.”

बसण्याचं गणित कागदावर मांडलं की निम्मा भार उतरतो. सामना चाळीस मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण, म्हणजे संघाच्या वाट्याला एकूण दोनशे खेळाडू-मिनिटं. संघात बारा जण. पण कुठलाही प्रशिक्षक ही मिनिटं बारा जणांत सारखी वाटत नाही. आठ-नऊ जणांत फिरवाफिरवी होते आणि शेवटच्या तिघांना सामना हातात आल्यावर किंवा हातचा गेल्यावर दोन-तीन मिनिटं मिळतात. पहिल्या हंगामातला सर्वांत लहान खेळाडू ह्या तिघांत असणं ही नेहमीची गोष्ट. तेवढ्यावरून त्याच्या कुवतीचा निकाल लावता येत नाही. ‘मला का बसवलं’ हा प्रश्न मात्र प्रशिक्षकाला विचारायलाच हवा, आणि तोही मोजता येईल असा: कुठलं एक कौशल्य आलं तर मिनिटं वाढतील? मुलाने हंगामभर तो विचारलाच नव्हता. घरी आल्यावर संदेश पाठवायला लावला. उत्तर दोन ओळींचं आलं: डावा हात आणि बाहेरून नेम.

खरी अडचण ह्या उत्तरात होती आणि ती कोकणातल्या, किंबहुना कुठल्याही छोट्या गावातल्या उंच मुलाची अडचण आहे. शाळेत सहा फूट दोन इंच म्हणजे सगळ्यांत उंच. मग त्याला बास्केटखाली उभं करतात, पाठ लावून खेळायला शिकवतात, रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेला चेंडू, घ्यायला सांगतात. चेंडू पळवत वर आणायचं काम बुटक्या मुलांकडे. जिल्हा पातळीवर हे भन्नाट चालतं. पण राष्ट्रीय पातळीवर सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारे, पावणेसात-सात फुटांचे असतात. अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या २०१५ च्या खेळाडू-निवडीत डॅलस मॅव्हरिक्स संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडलेला भारताचा सतनाम सिंग सात फूट दोन इंच उंच होता आणि त्यालाही एनबीएचा एकही मुख्य सामना खेळायला मिळाला नाही. सहा फूट दोन इंचाच्या मुलाला राष्ट्रीय पातळीवर एकच जागा आहे, गार्डची, म्हणजे चेंडू वर आणणाऱ्याची आणि बाहेरून नेम धरणाऱ्याची. म्हणजे आठ-दहा वर्षं जे शिकला त्याच्या नेमकं उलटं त्याला एकोणिसाव्या वर्षी शिकायचंय. हे शाळेतल्या शिक्षकांनी चौदाव्या वर्षीच ओळखून उंच मुलालाही चेंडू हाताळायला द्यायला हवा, पण जिल्हा स्पर्धा जिंकायची घाई असते.

उलटं शिकायला वेळ लागतो, तरी ते मोजून शिकता येतं. तीन गुणांची रेषा बास्केटच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर, कोपऱ्यात ती बाजूरेषेमुळे थोडी जवळ. पाच जागा, प्रत्येकी दहा फेकी, वहीत किती पडल्या ते लिहायचं. एकट्याने एका रिंगवर चेंडू आणत-आणत तासाला दोनशेच्या आसपास फेकी होतात. चेंडू परत देणारा एक भाऊ किंवा मित्र असला तर जवळजवळ दुप्पट. समोर कोणी नसताना पन्नासपैकी तीस पडत नसतील तर सामन्यात ह्याच्याकडे पास येईल अशी अपेक्षा धरू नये. फेकी ताजेपणी आणि दमल्यावर वेगळ्या लिहाव्यात, कारण चौथ्या क्वार्टरला पाय थकले की चेंडू आधी आखूड पडायला लागतो. ह्या मुलाचे पहिल्या आठवड्याचे आकडे ताजेपणी पन्नासपैकी एकोणीस आणि दमल्यावर अकरा होते. त्याला ते बघून वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. बाकावर बसण्याचं कारण आता त्याच्या वहीत होतं.

मग पावसाचं काय, हा प्रश्न आलाच. जून ते सप्टेंबर उघड्यावरचं सिमेंटचं कोर्ट विसरायचं. त्यावर शेवाळ धरतं आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी पायाला कळतं. उघडीप मिळाली म्हणून ओल्या कोर्टावर उतरलेली पोरं घोटा मुरगळून घेतात. पावसाळ्यात पडवीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात डाव्या हाताने रोज वीस मिनिटं ड्रिबल, भिंतीवर पास, आणि व्यायामशाळेत ताकदीचं काम. आठवड्यातून एक-दोनदा जिल्ह्याच्या क्रीडा संकुलातला हॉल मिळाला तर उत्तम. सप्टेंबरअखेरीस ब्लीचिंग पावडर टाकून कोर्ट ताठ ब्रशने घासून घ्यायचं आणि दोन कडक उन्हं लागल्यावरच पळायचं.

दुसऱ्या भेटीत आणखी एक गोष्ट निघाली. गुडघ्याच्या वाटीच्या खाली दुखत होतं, चार महिने, आणि त्याने संघात ते लपवलं होतं. करारावरचा नवखा खेळाडू दुखणं लपवतो, कारण त्याच्या जागी दुसरा मिळायला एक दिवस पुरतो. त्याला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. निदान उडी मारणाऱ्यांना होणाऱ्या टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या, दुखण्याचं झालं. इथे पालकांची नेहमीची समजूत घोटाळा करते. पूर्ण आराम दिला की दुखायचं थांबतं, सगळे खूश होतात. पण भार न मिळाल्याने टेंडनची ताकद आणखी उतरते आणि खेळ सुरू केला की दुसऱ्याच आठवड्यात तेच दुखणं परत. त्याला सुरुवातीला पाय स्थिर धरून भार घ्यायला लावला, पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. नंतर एक दिवसाआड जड आणि सावकाश व्यायाम, निदान बारा आठवडे. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी ते वाढलेलं नको. ‘कट’ असा आवाज होऊन काही तासांत गुडघा सुजला आणि पाय मधूनच सटकायला लागला तर मात्र प्रकरण वेगळं, लिगामेंटचं, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याचं. त्याला अस्थिरोगतज्ज्ञ आणि एमआरआय, आणि शस्त्रक्रिया झालीच तर मैदानावर परतायला निदान नऊ महिने. त्याआधी परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो.

वडिलांना वेगळं भेटलो. त्यांचा रोख सरळ होता, “साहेब, पंचविशीला हा गुडघा धरून बसला तर मी निवृत्त झालेलो असेन.” ह्या भीतीत चूक काहीच नाही. भारतात बास्केटबॉलपटूंची चूल वर्षभर लीगच्या पैशावर सहसा पेटत नाही, कारण लीगचे हंगाम छोटे आणि बेभरवशाचे. यूबीए ही भारतातली व्यावसायिक बास्केटबॉल लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि दोन वर्षांत बंद पडली. खेळाडू टिकतात ते नोकरीवर: रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, पोलीस. भारताचा दीर्घकाळचा कर्णधार विशेष भृगुवंशी ओएनजीसीचाच, आणि त्याला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा ‘खेळ की नोकरी’ असे दोन रस्ते वडिलांनी मनात आखले होते, ते मुळात बऱ्याच अंतरापर्यंत एकच आहेत. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि ते पोलीस भरतीतही लागू होतं. टेबलावरच्या त्याच अर्जात तो रकाना होता.

ह्यात खरी गोम प्रमाणपत्रांची. वडिलांनी एक पिशवी भरून पदकं आणि प्रमाणपत्रं आणली होती: तालुका, जिल्हा, गणेशोत्सव मंडळ, निमंत्रितांच्या स्पर्धा. केंद्राच्या क्रीडा कोट्यात ह्यांतलं काहीच चालत नाही. तिथे राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून, आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून किंवा राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्याकडून खेळल्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. राज्य संघटनेचा फॉर्म २, विद्यापीठाचा फॉर्म ३, शालेय विभागाचा फॉर्म ४. आणि दाखल्यांना आंब्यासारखी मुदत असते. रेल्वेच्या क्रीडा भरतीत सहसा चालू आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांतली कामगिरीच धरतात, वयाची अट १८ ते २५. गुण शंभरपैकी: कामगिरीला ५०, चाचणीतल्या खेळाला आणि तंदुरुस्तीला ४०, शिक्षणाला १०. चाचणीत चाळीसपैकी पंचवीस मिळाले नाहीत तर पुढचं काही बघतच नाहीत. राज्याच्या भरतीसाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागतं, मुंबई नव्हे. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची तारीख चुकते, म्हणून हे आधीच उरकावं.

इथे मुलाचा ‘कॉलेज सोडतो, डिग्री बाहेरून करतो’ हा बेत आपोआप गळाला. आंतरविद्यापीठ स्पर्धेत नियमित, पूर्णवेळ विद्यार्थीच खेळू शकतो. दूरस्थ अभ्यासक्रमाला नाव घातलं की सर्वांत हाताशी असलेला दाखला हातचा जातो, आणि पंचविशीनंतर ती दारं तशीही बंद होतात. हजेरीची अडचण येते, पण ती सुटते: स्पर्धेचं पत्र स्पर्धेला जायच्या आधी कॉलेजच्या क्रीडा संचालकांमार्फत प्राचार्यांना द्यायचं आणि पोच घ्यायची. परत आल्यावर पत्र दिलं तर ती सबब ठरते.

एकत्र बसवल्यावर बाप-लेकाने जे ठरवलं ते असं. पदवी होईपर्यंत, म्हणजे दोन हंगाम, वडील भरतीचा विषय काढणार नाहीत. मुलगा त्या काळात विद्यापीठ संघात यायचा प्रयत्न करेल, रात्री अकराला मोबाईल आईकडे देईल आणि वही महिन्याला एकदा वडिलांना दाखवेल. पदवी हातात येईपर्यंत राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ दाखला नसेल तर तो स्वतः भरतीची तयारी सुरू करेल. “बाबा, पण तुम्ही मधेच काकांना फोन करून मला समजवायला सांगायचं नाही,” ही अट मुलाची. वडील हसले आणि कबूल झाले. मुदत आणि मोजमाप दोन्ही असली की अशी बोलणी टिकतात. ‘बघू कसं जमतं ते’ ह्या बोलीवर सुटलेल्या घरांत गणपतीत पुन्हा तोच वाद होतो.

परदेशातल्या संघात चाचणी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा एक माणूसही ह्यांच्या वाटेला आला होता. फिबा ह्या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या परवानाधारक एजंटांची यादी त्याच्या संकेतस्थळावर असते, आणि खरा एजंट आपली टक्केवारी करार झाल्यावर त्या कमाईतून घेतो. त्या माणसाचं नाव यादीत नव्हतं. विषय तिथेच संपला.

पहिल्या पावसाळ्यानंतर मुलगा विद्यापीठाच्या निवड शिबिरापर्यंत पोचला, अंतिम बारात आला नाही. नोंदवहीत दमल्यावरचा आकडा चोवीसवर आलाय, डावा हात अजून कच्चा. गुडघा उड्या सोसतो.

ह्या वर्षी त्याला पुन्हा एका संघाने विचारलंय. आधीच्या करारात तीन हप्ते होते, त्यातला हंगामानंतरचा आजतागायत आला नाही, आणि दुखापतीचं कलमच नव्हतं. ह्या वेळी वडिलांनी चार गोष्टी लेखी मागितल्यात: निम्मी रक्कम पहिल्या सामन्याआधी आणि उरलेली शेवटच्या सामन्याआधी, सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली तर तपासणी आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, दुखापतीत उरलेला हप्ता मिळणार की नाही, आणि विद्यापीठ स्पर्धेसाठी सोडण्याची हमी. कापलेल्या टीडीएसचं प्रमाणपत्रही मागितलंय, कारण एवढ्या कमाईवर कर बसत नाही आणि विवरणपत्र भरलं की ते पैसे परत येतात. मागच्या वर्षीचे तसेच राहून गेले होते. संघाने तीन मुद्दे मान्य केलेत. शस्त्रक्रियेच्या खर्चावर बोलणी चालू आहेत आणि मुलाने अजून सही केलेली नाही.